मा सात

दिब्ब्यात आमच्या लाँड्रीची पाटी वाऱ्यानं खाल्ली होती,
पण ती वाचायची गरज कुणालाच नव्हती.
लोक म्हणायचे, मुश्ताककडे टाक.
कंदुरे, घुत्रे, शाळेचे गणवेश,
ईदच्या आदल्या रात्री अर्धं गाव दुकानात
आणि चहा आमचा.

पावती नव्हती. गळ्याच्या आत, शिवणीखाली,
न पुसणाऱ्या शाईनं मी खूण घालायचे,
मराठीत, कारण मला तेवढंच भरभर लिहिता येतं.
शा म्हणजे शाळेतली मिसरी बाई.
ब दोन म्हणजे बेकरीवाल्याचा धाकटा.
मा सात म्हणजे मासेवाला खलफान, त्याचा सातवा कंदुरा.
आपण माझ्या वहीत कोण आहोत
हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग मुश्ताकच्या डोक्यात दुबई शिरली.
शमसूचा मेहुणा सांगून गेला होता,
तिथे एकेका टॉवरात जेवढी माणसं राहतात
तेवढ्या तुमच्या दिब्ब्यात बकऱ्याही नाहीत.
हिशेब मीच मांडला, वहीच्या मागच्या पानावर:
भाडं चौपट, कपडे दहापट.
भाडं पेननं लिहिलं होतं,
कपडे पेन्सिलीनं.

सामान एका पिकअपमध्ये मावलं.
बॉयलर दोरखंडानं आवळलेला, प्रेस गोधडीत,
आणि मसाफीच्या घाटात रिकाम्या हँगरांचा असा किणकिणाट
की जणू वऱ्हाड निघालंय, नवरी मागेच राहिलीये.
डोंगर संपला तेव्हा शमसू म्हणाला,
चाची, आता वळून बघू नका, मान आखडते.

करामात गाळा मिळाला, दोन खांबांमध्ये चेपलेला.
प्रेस आत गेला, मग बॉयलर, मग आम्ही,
याच क्रमानं, नाहीतर कुणीतरी बाहेरच राहिलं असतं.
चार चेकवर आधीच सह्या केल्या.
तेव्हापासून वाटतं, आमचं येणारं वर्ष
कुणाच्या तरी कपाटात रबरबँड लावून ठेवलंय.
पाटीचा रंग एकदा नापास झाला. मग अक्षरांची उंची.
निळी पाटी लागली त्या दिवशी
खाली उभं राहून फोटो काढायचा राहूनच गेला.

इथे कपड्यांना माणसं नसतात, मजले असतात.
एकोणीसशे चारचे सहा शर्ट.
बाविसाव्या मजल्याची चादर, तक्रारीसकट.
पिशवी पोऱ्या आणतो, पिशवी पोऱ्या नेतो,
पैसे फोनमधून येतात, कधी रात्री दोनला.
बारकोडचं यंत्र हप्त्यावर घेतलंय.
माझी शाईची बाटली गल्ल्याच्या खालच्या खणात,
सुट्ट्या बटणांशेजारी.

दुसरा चेक वटला. कसा, ते मुश्ताकला विचारू नका.
तो रात्री उठून पाणी पितो,
मी झोपल्याचं करते.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली की एवढं जमतं.

गुरुवारी एक पोरगा स्वतःच आला,
गाडी चालूच ठेवून, दोन चाकं फुटपाथवर.
हातात एकच कंदुरा, जुना, मऊ पडलेला.
आजोबांचा आहे, म्हणाला,
उद्या एका लग्नात घालायचाय, मला नीट बसतो.
मग गळा उलटा करून दाखवला:
इथे आत शाईचा डाग आहे. जाईल का?

मा सात.
सात जरा फिका झालेला. मा तसाच, काना ताठ.

विचारणार होते, आजोबा अजून पहाटे समुद्रावर जातात का.
मधेच त्याचा फोन वाजला,
आणि घुत्र्याखालचा तो चेहरा इतका घाईत होता
की प्रश्न माझ्याच तोंडात सुकला.

नाही जाणार, मी म्हणाले.
खोटं नव्हतं. शाईच तशी होती.
त्यानं खांदे उडवले. आत आहे, कुणाला दिसतंय.

बारकोड लावला, खुणेच्या शेजारी,
तिच्यावर नाही.
मग शमसूला हाक मारली:
याला स्टार्च जास्त घाल.
त्या घरात कडक लागतो.